दंडावरच्या दोन कमानी

“मॅडम, सात पोरं एका घरात आन् आवाज न्हाई? तितं लेकरू ठिवू नगा,” असं लखूमामांनी मला सांगितलं, तेव्हा ते बादलीत कुत्र्याचं मुंडकं ढवळत होते.

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतली कुत्र्याची जुनी कवटी एका विद्यार्थिनीच्या हातून पडून फुटली होती. परीक्षा तोंडावर आलेली. नवी कवटी वेळेत मिळणार नाही म्हणून सरांनी सांगितलं, इथंच तयार करा. हमरस्त्यावर ट्रकखाली गेलेलं एक कुत्रं लखूमामांनी पोत्यात घालून आणलं. लखूमामा आमचे प्रयोगशाळा परिचर. त्यांची तिथं तीस वर्षं झाली होती आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माझे जेमतेम सहा महिने. मांस सडून हाडापासून सुटावं म्हणून मुंडकं तीन आठवडे पाण्यात घालून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं, आणि त्या दिवशी झाकण काढलं होतं. पाण्यावर तेलकट साय धरली होती. मामांच्या हातातल्या दांडक्याला राखाडी धागे लोंबत होते. तो वास नाकात बसत नव्हता, जिभेवर बसत होता. मी ओढणी तोंडावर दाबून चार हात लांब उभी होते.

“आवाज नाही म्हणजे काय, मामा?”

“माझं घर कुमुदबाईंच्या मागल्या अंगाला. मदी एक भित. पोरं परसात खेळत्यात, पडत्यात, उठत्यात. पर रडायचा आवाज म्हणून न्हाई. लेकरू पडलं की रडतंय का न्हाई?”

“काकू बालवाडीच्या बाई होत्या पूर्वी. पाळणाघरात शिस्त असते त्यांच्या.”

“असंल,” असं म्हणून त्यांनी चहाची गाळणी बादलीत बुडवली, वर काढली आणि माझ्यापुढे धरली. गाळणीत चिकट गाळ होता आणि गाळात तीन दात. “हे बगा. मास सुटलं की दात बी सुटत्यात आन् तळाला जात्यात. एक हरवला तरी सर बोंबलत्याल.”

मी शेडबाहेर गेले आणि कडुलिंबाच्या बुंध्याशी उलटी केली. त्या वासाबरोबर मामांचं बोलणंही मी तिथंच ठेवून आले.

मुक्ता तेव्हा वीस महिन्यांची होती. हेमंत, माझा नवरा, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये. गळिताचा हंगाम सुरू झाला की त्याच्या पाळ्यांना धरबंध नसे. गावात आमचं ना माहेरचं कुणी, ना सासरचं. आणि मी काळजी करणारी बाई. कुलूप लावून झालं तरी गॅस बंद आहे ना हे बघायला परत येणारी. झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी. पाळणाघर निवडताना मी कुमुदकाकूंकडे चार वेळा न सांगता जाऊन आले होते. संडास बघितला, दुधाच्या बाटल्या हुंगल्या, पाण्याच्या टाकीत डोकावले. काकूंची नखंसुद्धा बघून घेतली. कापलेली होती, स्वच्छ.

संक्रांतीच्या आधी एकदा मुक्ताला घ्यायला गेले तर काकू दारातच म्हणाल्या, “शलाका, तुझी लेक चावते हं. आज जुईच्या बोटाला चावली.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जुई म्हणजे तिथली सर्वांत मोठी, तीन वर्षांची. बोटाला फडकं गुंडाळून ती कोपऱ्यात बसली होती.

“सॉरी हो काकू. सुळे येतायत ना तिचे, हिरड्या शिवशिवत असतील.”

“सॉरी कसली अगं? मूल आहे ते. फक्त वेळच्या वेळी सवय मोडावी लागते.”

“तुम्हाला योग्य वाटेल ते करा. तुमचीच नात समजा.”

काकू हसल्या. वरच्या ओळीत मधल्या दोन दातांच्या शेजारचा एक दात त्यांना नव्हता, त्यामुळे त्यांचं हसू लहान मुलासारखं भाबडं दिसे. “मग झालं तर,” त्या म्हणाल्या.

आठ दिवसांत मुक्ताचं चावणं बंद झालं. इतकं बंद की चपातीचा तुकडाही ती दातांखाली घेईना. ओठांत धरून चोखायची, मऊ झाला की गिळायची. मी हेमंतला म्हटलं, हिचे दात दुखत असतील का रे? तो म्हणाला, येताना दुखतातच. मी काकूंना तिळाच्या वड्यांचा डबा नेऊन दिला.

त्यानंतरच्या एका गुरुवारची गोष्ट. कवटी धुऊन, औषधात घालून पांढरी करून झाली होती. उरलं होतं दात बसवायचं काम. सुटलेला एकेक दात त्याच्या खाचेत गोंदानं चिकटवायचा. दोन दिवस तेच करत होते. आता वास राहिला नव्हता, पण हात कितीही धुतले तरी मुक्ताला घास भरवताना मला बोटांची किळस येई. शेवटची दाढ खाचेत दाबून धरली होती, तेव्हा फोन वाजला.

“शलाका, घाबरून जाऊ नकोस,” कुमुदकाकू म्हणाल्या. “मुक्ताला कुत्रं चावलंय. दंडावर. मी धुतलंय आणि हळद भरलीय. तू ये मात्र लगेच.”

रिक्षातून मी कशी गेले ते मला आठवत नाही. फाटकापाशी गल्लीतले चार-पाच पुरुष जमले होते. काकूंच्या कडेवर मुक्ता. तिच्या डाव्या दंडावर हळदीचा जाड लेप, लेपातून वर आलेली सूज, आणि खाली कोपरापर्यंत सुकलेला लाल ओघळ.

“कुठलं कुत्रं?”

“ती भुरी गं. दार जरा उघडं राहिलं आणि आत शिरली. मी स्वयंपाकघरात होते.”

भुरी म्हणजे गल्लीतली म्हातारी कुत्री. गटारापलीकडे, विजेच्या खांबाखाली पसरली होती. मला बघून तिनं नेहमीसारखी शेपटी हलवली.

“मॅडम, काय करायचं हिचं?” त्या पुरुषांपैकी एकानं विचारलं. त्याच्या हातात काठी होती.

चावलेल्या कुत्र्याला मारायचं नसतं, बांधून ठेवून दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायची असते, हे मी त्याच महिन्यात वर्गात सांगितलं होतं. फळ्यावर लिहून दिलं होतं.

“मारून टाका,” मी म्हटलं.

दवाखान्यात नर्सनं साबणाच्या पाण्यानं जखम धुतली. बराच वेळ धुतली. मी बघितलं नाही. मुक्ताचं डोकं छातीशी दाबून मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. रांग मोठी होती, डॉक्टरांनी उभ्याउभ्याच बघितलं.

“सुजलंय फार. कुत्रं नक्की ना?”

“हो.”

“कुत्रं बांधून ठेवलंय?”

मी मान हलवली. नाही.

“मग सगळी इंजेक्शनं पूर्ण करायची. आणि आत्ता एक जखमेतच द्यावं लागेल, भोवतीनं. घट्ट धरा तिला, दुखतं.”

सुई चार-पाच ठिकाणी गेली. शेजारच्या बाकावरची एक बाई तोंड फिरवून रडायला लागली. मुक्ता रडली नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, अंग थरथरत होतं, पण दोन्ही ओठ तिनं आत ओढून घट्ट मिटले होते, एखादी पिशवी आवळून बांधावी तसे.

“किती गुणी बाळ आहे हो तुमचं!” नर्स म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझ्या शेवटच्या तुकडीचं प्रात्यक्षिक होतं. हेमंतनं रजा काढली. सकाळी मी त्याच्या समोरच मुक्ताच्या दंडावरची जाळीची पट्टी बदलली, म्हणजे जुनी भिजवून काढली आणि नवी ठेवली, नजर जखमेवर ठरत नव्हती. जुनी पट्टी कचऱ्यात टाकताना मात्र बघितली. तिच्यावर रक्ताचे डाग उमटले होते. ठिपके ठिपके, एका ओळीत, चंद्रकोरीसारखे. हे मी बघितलं आणि डब्याचं झाकण लावलं.

कॉलेजात लखूमामा टेबलं पुसत होते. डोळे सुजलेले.

“भुरीला वड्याकडंला पुरली,” ते म्हणाले.

“मामा, माझी पोर आहे हो.”

“व्हय की. पोरीपरीस कुत्रं मोठं न्हाई.” फडकं पिळून ते पुन्हा पुसायला लागले. मग पाठमोरे राहूनच म्हणाले, “बारा वर्सं माझ्या दारात भाकरी खाल्ली तिनं. कुणाला चावल्याली बगितली न्हाई. शेवट शेवट तर भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागायची. दात कुटं ऱ्हायलं व्हतं तिला?”

मुली आत आल्या म्हणून ते बोलणं तिथंच थांबलं.

पाचजणी टेबलाभोवती उभ्या राहिल्या. मी कवटी हातात घेतली आणि सांगायला लागले. मांसाहारी प्राण्याचं तोंड म्हणजे शस्त्रांची पेटी. पुढचे हे सहा बारके दात, हाडाला चिकटलेलं मांस खरवडायला. त्यांच्या दोन्ही बाजूंना हे सुळे, लांब, किंचित मागे वळलेले. भक्ष्यात रुतले की सुटायचं नाव नाही; ते जितकं ओढेल तितकं फाटतं. सुळ्यांच्या मागे मोकळी जागा सोडलेली, म्हणजे सुळा मुळापर्यंत आत जातो. आणि मागची ही दाढ बघा, वरची खालच्या दाढेवरून घासून जाते, कात्रीच्या पात्यांसारखी. गाय जबडा आडवा फिरवते, रवंथ करते. कुत्र्याचा जबडा फक्त वर-खाली होतो. तो चघळत नाही. कापतो आणि गिळतो.

“मॅडम, मग कुत्रा चावला की जखम कशी दिसते?” समीना नावाची मुलगी होती, तिनं विचारलं. मुक्ताबद्दल तिला काही माहीत नव्हतं.

“जबडा पुढे निमुळता असतो, म्हणून...” मी फळ्यावर काढून दाखवायला लागले. “वरच्या सुळ्यांची ही दोन खोल भोकं, खालच्या सुळ्यांची ही दोन. आणि ओढल्यामुळे इथं फाटतं.”

“हां, माझ्या भावाच्या पोटरीला अस्संच होतं. भोकं, आणि मांस लोंबत होतं. आई गं!”

“शी! गप ना,” दुसरी म्हणाली.

“आणि माणसाचा चावा?” समीनाचं चालूच. “म्हणजे फरक कळायला.”

“माणसाला रुतणारे सुळे नसतात. समोरचे दात पटाशीसारखे, रुंद, एका उंचीचे. जबडा आखूड आणि गोल. त्यामुळे भोकं पडत नाहीत, ओळ उमटते. वर एक कमान, खाली एक...”

खडू फळ्यावर कोर काढून थांबला. मी त्या कोरीकडे बघत राहिले. सकाळच्या पट्टीवर हीच होती.

“मॅडम?”

“मामा, ह्यांच्या आकृत्या काढून घ्या,” असं काहीतरी मी म्हटलं, टेबलावरचा कर्कटक उचलला आणि निघाले.

घरी मुक्ता हेमंतच्या मांडीवर बसली होती. त्यानं तिच्यासमोर ठोकळे मांडले होते.

“लवकर आलीस?”

“धर तिला. पट्टी काढायचीय.”

“सकाळीच तर बदललीस.”

“हेमंत, धर.”

या वेळी बघितलं. सूज थोडी उतरली होती. निळसर काळ्या वळाच्या दोन कमानी, एकमेकींकडे तोंड करून, मध्ये फिकट कातडी. वरच्या कमानीत चार-पाच ठिकाणी कातडी फुटली होती. खोल भोक एकही नव्हतं. कुठं फाटलेलं नव्हतं. आणि वरच्या कमानीत मधल्या दोन खुणांशेजारी एक जागा कोरी होती. तिथली कातडी इतकी नितळ होती की बघवेना. मी कर्कटकाची टोकं कमानीच्या दोन कडांवर धरली, न टोचता, आणि मोजपट्टीवर मोजलं.

“काय चाललंय तुझं?” हेमंतचा आवाज चढला.

“हे कुत्र्याचं नाही.”

“मग? एखादं पोर चावलं असेल. काकूंना सांगायची लाज वाटली असेल.”

“दुधाच्या दातांची कमान एवढी रुंद नसते.”

“तुला काय म्हणायचंय?”

मी बाही वर केली आणि स्वतःच्या हाताला चावले. जोरात. तोंडात घामाची खारट चव आली, प्रयोगशाळेतल्या साबणाची आली. दात सोडवून हात मुक्ताच्या दंडाशेजारी धरला. दोन कमानी. तेवढ्याच रुंद.

मुक्ता माझ्याकडे बघत होती. तिनं ओठ आत ओढून मिटून घेतले आणि मग आपला दुसरा, बरा असलेला हात सरळ करून माझ्या तोंडापुढे धरला.

चार वाजता मी कुमुदकाकूंच्या दारात उभी होते. हेमंत येतो म्हणत होता, पण मुक्ताला त्या घरी परत न्यायचं नव्हतं आणि दुसऱ्या कुणाकडे ठेवायला माझं मन धजत नव्हतं. मी काकूंना सांगितलं, मुक्ताची पाण्याची बाटली राहिलीय.

“बस की गं. कशी आहे माझी नात?”

काकू सतरंजीवर बसून पेरू खात होत्या. बशीत तिखटमीठ. भिंतीला टेकून सहा मुलं ओळीनं बसलेली. समोर खेळणी होती, कुणी हात लावत नव्हतं. अर्धा खाल्लेला पेरू बशीत ठेवून काकू बाटली शोधायला आत गेल्या.

मी त्या पेरूकडे बघितलं. पांढऱ्या गरात चाव्याची कमान उमटली होती, गोल, नीट, खुणेला खूण लागून. फक्त एका ठिकाणी, मधल्या दोन दातांच्या शेजारी, गराचा एक उभा कणा तसाच राहिला होता. दात नव्हता तिथं. कण्याच्या दोन्ही बाजूंना लाळ चमकत होती.

काकू परत आल्या तेव्हा पेरू माझ्या हातात होता.

“अगं, उष्टा आहे तो! दुसरा देते.”

“काकू, मुक्ताला कोण चावलं?”

“काल सांगितलं ना बाई. भुरी.”

“ही एवढी जागा कोरी राहिलीय,” मी पेरू त्यांच्यापुढे धरला. “मुक्ताच्या दंडावरही राहिलीय.”

त्या पेरूकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं ओरडतील, रडतील, मला हाकलतील. त्यांनी पदरानं बोटांचं मीठ पुसलं आणि खाली बसल्या.

“आमच्या आईनं आम्हा पाच भावंडांना असंच वळण लावलं,” त्या म्हणाल्या, अगदी पाककृती सांगावी तशा. “मूल चावलं की त्याला चावायचं. त्याशिवाय दुसऱ्याला किती दुखतं ते कळत नाही. रडलं की पुन्हा. तुझ्या पोरीची सवय मोडली की नाही? तिळाच्या वड्या घेऊन आली होतीस.”

“आता ती चावत नव्हती.”

“काल ओरडत होती. झोपेच्या वेळेला.”

“रक्त काढलंत तुम्ही तिचं!”

“जरा जास्त लागलं काल. मधेच हलली ती.”

मी विचारलं, “आणि भुरी?”

“तू इतकी घाबरट. तुला काहीतरी सांगायलाच हवं होतं. मारून टाका म्हणून मी म्हटलं नव्हतं हं, तू म्हणालीस.” मग आवाज खाली आणून, समजूत घालावी तशा म्हणाल्या, “तूच म्हणाली होतीस ना, नात समजा? सख्ख्या नातीलाही मी हेच केलं असतं. सगळ्या आया करतात गं थोडं थोडं. विचार कुणालाही.”

आणि माझ्या हातातून त्यांनी तो पेरू घेतला, मिठाला लावला आणि उरलेला खायला लागल्या. कचकच आवाज होत होता. भिंतीशी बसलेली सहाही मुलं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

मी एकेकाच्या बाह्या वर केल्या, पाठी बघितल्या. काकू बसल्या जागेवरून म्हणत होत्या, अगं काय हे, अगं पोरं घाबरतील. एकही पोर घाबरलं नाही. एकानंही हात मागे घेतला नाही. सहापैकी तिघांच्या अंगावर खुणा निघाल्या. जुईची पाठीवर होती, खांद्याच्या मागे, पिवळी पडलेली, आईच्या नजरेला सहज न येणारी.

आया-बाप मुलांना घ्यायला येईपर्यंत मी फाटकात उभी राहिले. प्रत्येकाला सांगितलं, खुणा असलेल्या तिघांच्या घरच्यांना तर तिथंच मुलाचे कपडे वर करून दाखवलं. एकीनं तिथल्या तिथं काकूंच्या थोबाडीत मारली. जुईची आई बँकेत नोकरीला होती, ती म्हणाली, “मुलं एकमेकांना चावतात हो, तुम्ही जरा जास्तच मनाला लावून घेताय.” एक गृहस्थ तर हसले. म्हणाले, “माझ्या आईनंही मला चावून चावूनच शिकवलं. काय वाईट झालं माझं?” पोलिसांत आम्ही दोघं गेलो. त्यांनी वहीत लिहून घेतलं, पुढे काही झालं नाही. पाळणाघर मात्र महिन्याभरात बंद पडलं आणि काकू घराला कुलूप लावून सांगलीला मुलाकडे गेल्या.

सोमवारी मी लखूमामांना गाठलं.

“मामा, भुरी चावली नव्हती.”

“मला ठावं व्हतं.”

“मग त्या दिवशी सांगितलं का नाही?”

“एकदा सांगून बगितलं व्हतं की, मॅडम,” ते म्हणाले, आणि कवटी कपाटात ठेवून दार लावलं.

मुक्ताला पुढची सगळी इंजेक्शनं द्यावी लागली नाहीत. ती मोठ्यानं रडायला लागली त्याला सात महिने गेले. पहिल्यांदा रडली तेव्हा हेमंत शेजाऱ्यांना पेढे वाटायला निघाला होता, मी थांबवलं. आता ती सात वर्षांची आहे. सफरचंद अजून कापूनच लागतं.

हे सगळं मी आता का लिहायला बसले, तेही सांगते. गेल्या मे महिन्यात सांगलीला एका लग्नात जेवणाच्या पंक्तीत मला कुमुदकाकू दिसल्या. केस पांढरे झालेत, दात बसवून घेतलेत, पूर्ण कवळी. मांडीवर दीड-दोन वर्षांची मुलगी होती, त्यांची नात. नाव ईशानी. मंडपात पंखेसुद्धा गरम हवा फेकत होते, माणसं घामानं निथळत होती आणि त्या पोरीच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा फ्रॉक होता.

मी तिच्या आईला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, “तुम्हीच का त्या? आईंनी सांगितलं होतं मला. तुमच्यामुळे त्यांना गाव सोडावं लागलं. ताई, आई आहेत म्हणून मी निर्धास्तपणे नोकरीला जाते.” आणि जाऊन पंक्तीत बसली.

त्यानंतर मी दोनदा त्यांच्या घरी गेले. पहिल्यांदा दार उघडून माझ्या तोंडावर लावलं. दुसऱ्यांदा उघडलंच नाही. बाल कल्याण समितीला पत्र पाठवलंय, त्याला उत्तर नाही. त्या घरातून लेकराचा आवाजही येत नाही.

विश्रामबागच्या मागच्या बाजूला शरयू नावाची तीन मजली पिवळी इमारत आहे. दुसरा मजला, डावीकडचं दार. सकाळी दहा ते सहा घरात आजी आणि नात दोघीच असतात. तुम्ही सांगलीचे असाल, तुमचं कुणी त्या बाजूला राहत असेल, तर काहीतरी कारण काढून जा. हळदीकुंकवाचं आमंत्रण द्या, घर भाड्यानं आहे का विचारा, पाणी मागा. तुम्हाला त्या ओळखत नाहीत, तुम्हाला आत घेतील, चहाही देतील. चहा ठेवायला त्या आत गेल्या की ईशानीला जवळ घ्या, आणि तिच्या फ्रॉकच्या बाह्या वर करून बघा.